जखमेचं पदक धरायचं की नाही

सप्टेंबर लागला की बेस्ट या आमच्या डच गावाच्या आजूबाजूचा मका कापायला येतो. उन्हाळाभर वाढून वाढून त्याने सायकलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भिंती घातलेल्या असतात. मग एखाद्या संध्याकाळी ऑफिसातून परतताना एकदम लांबवरचं चर्च दिसतं, तेव्हा कळतं की आज इथलं शेत गेलं. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि हवेत ओल्या धाटांचा आंबूस-गोड वास असतो. सकाळी कुंपणावरच्या कोळ्यांच्या जाळ्यांत दव अडकलेलं असतं. ओकच्या झाडाखाली सायकल लावली तर परत येईपर्यंत बास्केटमध्ये चार फळं टपकलेली असतात. मला हा महिना फार आवडायचा. आता तो आला की मी घरात शिरताना शेजारच्या कुंपणाकडे बघायचं टाळते.

याच महिन्यात जीपासुद्धा येतात. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी याच दिवसांत अमेरिकन सैनिक इथल्या शेतांत विमानांतून छत्र्या बांधून उतरले होते. त्याची आठवण म्हणून आसपासच्या गावांतली हौशी मंडळी दरवर्षी तेव्हाच्या गाड्या बाहेर काढतात, तेव्हाचे गणवेश घालतात आणि पांढरे तारे रंगवलेल्या बॉनेटवर झेंडे लावून गावागावांतून फिरतात. परवाच्या शनिवारी आमच्या रस्त्यावरून गेल्या. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. इंजिनांचा तो जुनाट खडखडाट ऐकला, आणि सुरी ठेवून तशीच उभी राहिले.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी बाबा माझ्या शेजारी फुटपाथवर उभे होते.

आई गेली त्या वर्षी फेब्रुवारीत. ऑगस्टमध्ये मी बाबांना इकडे आणलं, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. त्याहून जास्त आणता येत नाही. मी काय कमी विचारलं होतं? अर्ज वाचले, वकिलाला भेटले, व्हिसा कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंना सगळी कथा सांगितली. त्यांनी अतिशय प्रेमळपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच प्रेमळपणे सांगितलं की तुमच्यासारख्या नोकरीवर आलेल्यांच्या आईवडिलांसाठी असा काही प्रकार नाही. नवरा आणता येतो, मूल आणता येतं. एकटा पडलेला बाप नव्वद दिवस आणता येतो आणि मग परत पाठवावा लागतो. भांडावं तर समोर कुणी वाईट माणूसही नाही. मी घरी येऊन भांडी आपटली आणि त्यातला एक कप फुटला, एवढाच माझा निषेध.

पहिले तीन आठवडे बाबा खिडकीत बसून होते. पहाटे पाचला उठून चहा करायचे, आम्ही उठेपर्यंत तो गार झालेला असायचा. आठला नवरा ऑफिसला, माझी मुलगी इरा शाळेला. इरा बाबांचं मराठी सगळं समजते आणि उत्तर डचमध्ये देते, त्यामुळे दोघांचं बोलणं "बरं बरं" आणि "यायाया" एवढ्यावर यायचं. बाबा मला रोज सांगायचे, "घर छान आहे हं तुझं." ज्या माणसाने मला सायकल शिकवली, तो माझ्या घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो, हे मला बघवायचं नाही. पेपर आणून दिला तर घडी न मोडता ठेवून द्यायचे. एकदा म्हणाले, "मनू, मला आता कशाचं काही विचारावंसं वाटत नाही." मला त्या वाक्याची भीती वाटली.

तर तो शनिवार. जीप आमच्यासमोर थांबली. आत अमेरिकन अधिकाऱ्याच्या वेशातला एक गृहस्थ होता, एरवी शेजारच्या गावात पडदे विकणारा. छातीवर रंगीत फितींच्या तीन ओळी. बाबा पुढे वाकले, चष्मा वर केला आणि त्याच्या छातीकडे बोट दाखवत मराठीत म्हणाले, "ह्यांची दुसऱ्या ओळीतली फीत चुकली. ती वर पाहिजे."

"बाबा, बोट काय दाखवताय!"

"अगं पण चुकलीच आहे. मानाचा क्रम असतो."

बाबांनी पुण्यातल्या एका लष्करी नोंद कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी केली. कुठल्या जवानाला कुठलं पदक लागू होतं, त्याचा हुकूम निघाला का, कागद फाइलला लागला का, हे बघणं त्यांचं काम. टेबलामागच्या भिंतीवर महायुद्धाच्या काळातला एक तक्ता टांगलेला होता, दोस्त राष्ट्रांच्या सगळ्या पदकांच्या फितींचा. कुणी काढला नाही म्हणून राहिला आणि पस्तीस वर्षं समोर दिसत राहिला म्हणून बाबांना पाठ झाला. घरातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. मलाही नाही.

पलीकडे शेजारचे विम उभे होते. वय एकोणऐंशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सहा वर्षांत आमचा परिचय "हॅलो" आणि एकमेकांची पार्सलं ठेवून घेणं यापुढे गेला नव्हता. "काय म्हणतात तुमचे वडील?" त्यांनी विचारलं. मी शरमत शरमत सांगितलं. विमनी जीपमधल्या माणसाच्या छातीकडे निरखून पाहिलं आणि आनंदाने टाळी वाजवली. "बरोबर! गेली चार वर्षं मी त्याला हेच सांगतोय!" बिचारा पडदेवाला आपल्याच छातीकडे मान वाकवून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बाबा डब्यात चिवडा घेऊन त्यांच्या दारात हजर, न कळवता. विमनी डबा घेतला, डायरी आणली आणि मंगळवार सकाळी दहाची वेळ लिहून दिली. बाबा तणतणत परतले. "दारातनं परत पाठवलं. तारीख दिली मला, कोर्टासारखी!" मी समजूत घातली की इथे जवळच्या माणसालाही तारीखच देतात. मंगळवारी पावणेदहाला बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर तयार बसले होते. आई गेल्यापासून त्यांनी शर्टाला इस्त्री केली नव्हती.

मग ते सुरू झालं. दर मंगळवार-गुरुवार सकाळी दहा, विमच्या बागेतली शेड, कॉफी, प्रत्येकी एक बिस्किट. बाबा त्यांना विमराव म्हणायला लागले आणि विमही त्या नावाला ओ द्यायला लागले; बाबांना ते नुसतं श्रीकांत म्हणायचे. प्रश्न एकच होता, आजवरच्या अमेरिकन सैनिकांत सर्वांत जास्त पदकं कुणी मिळवली? विमचा माणूस ठरलेला होता, इथे झालेल्या त्याच युद्धातला एक लहान चणीचा, पोरसवदा पायदळ सैनिक. बाबांचा पाठिंबा नंतरच्या काळातल्या एका कर्नलला, ज्याने एकाहून जास्त युद्धं पाहिली आणि बऱ्याच गोळ्या खाल्ल्या. मी नावं लिहीत नाही, आकडेही लिहीत नाही, कारण दोघांचे आकडे शेवटपर्यंत जुळले नाहीत. सेनापती मंडळींना दोघांनी पहिल्याच बैठकीत एकमताने बाद केलं, खुर्चीत बसून मिळालेली पदकं धरायची नाहीत म्हणून. त्यानंतर कशावरही एकमत झालं नाही.

तसं बघितलं तर भांडण माणसांचं नव्हतंच, मोजायचं कसं याचं होतं. तेच पदक पुन्हा मिळालं तर अमेरिकन लोक दुसरं पदक देत नाहीत, फितीवर एक छोटं पितळी पान लावतात. बाबांचं म्हणणं, पान म्हणजे पूर्ण पदक, कारण हुकूम वेगळा निघाला, कागद वेगळा झाला. विम म्हणायचे, पान ते पान. फ्रेंचांनी दिलेलं पदक अमेरिकन सैनिकाच्या खात्यात धरायचं का? पुऱ्या तुकडीला मिळालेलं एकाच्या नावावर कसं? आणि सगळ्यांत मोठा वाद जखमेच्या पदकाचा. शत्रूकडून जखम झाली की अमेरिकन सैनिकाला एक जांभळ्या फितीचं पदक मिळतं. कर्नलसाहेबांकडे ती बरीच होती. विमना ते मुळीच मंजूर नव्हतं.

"जखम कुणी मिळवत नाही," ते म्हणायचे. "जखम लागते. धाडस केलं म्हणून मिळालं ते खरं."

"विमरावांना सांग," बाबा म्हणायचे, "नोंद झाली ना? मग धरायचं. धाडस मोजणारे आपण कोण?"

विमनी उभ्या हयातीत दिव्यांच्या कारखान्यात दिवे तपासले होते. पेटला तर पुढे, नाही पेटला तर टोपलीत. बाबांनी हयातभर कागद तपासले होते. दोघांच्याही नोकऱ्या कधीच संपल्या होत्या, खोड काही गेली नव्हती. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं, विमचं मोडकंतोडकं. रंगात आले की एक मराठीत शिरायचा आणि दुसरा डचमध्ये. मग कुंपणावरून हाक यायची, "मनूऽऽ!" मंगळवार-गुरुवार मी घरून काम करायचे, तेव्हा दुभाषी मी. कधी कानात हेडफोन, कधी हातात लाटणं. पान धरायचं की नाही धरायचं, हे मी तीन भाषांत इतक्यांदा इकडून तिकडे पोचवलं की पोळ्या लाटताना मनात तेच चालायचं.

बाबा त्या दिवसांत कसे होते! रात्री जेवताना इराला डावा हात, उजवा हात, मानाचा क्रम समजावायचे. नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करायचे. "ह्या लोकांच्या वेबसायटींवर काही भरवसा नाही," असं म्हणत तासन्‌तास त्याच वेबसायटी बघायचे. एका रविवारी चिंचेची आमटी दोनदा मागून घेतली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, इतकं बरं वाटलं मला.

दुभाष्याबद्दल मला एक गोष्ट कळली आहे. आपल्याला वाटतं, मधल्या माणसाला दोन्ही बाजू पक्क्या कळत असणार. तसं काही नसतं. एका कानाने येतं, तोंडाने जातं आणि मध्ये काहीही राहत नाही. माझं लक्ष घड्याळाकडे असायचं, नाहीतर बाबांच्या चेहऱ्याकडे. ते खुलले की मला पुरे. कशाने खुलले ते मी कधी नीट ऐकलंच नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर एक मंगळवार आला. पानं गळायला लागली होती, बाहेर कुणीतरी ती यंत्राने उडवत होतं आणि त्या आवाजाने डोकं उठलं होतं. साडेदहाला माझी ऑफिसची महत्त्वाची मीटिंग होती. त्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या यंत्राचं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायचं होतं आणि चूक माझ्या भागात सापडली होती. दहा वीसला हाक आली. मी चप्पल अडकवून धावले. विमनी डचमध्ये हाताने लिहिलेले चार कागद माझ्यापुढे धरले. जखमेच्या पदकावर त्यांचं सविस्तर उत्तर. तीन रात्री बसून लिहिलं म्हणाले. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून, हातात पेन्सिल घेऊन माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, मला आठवेना.

मी कागदांवरून नजर फिरवली. बारीक, तिरकं अक्षर. आणि मी मराठीत म्हणाले, "बाबा, ते म्हणतात, तुमचं बरोबर आहे. त्यांनी विचार केला, जखमेचं पदक धरायला हवं."

विमना डचमध्ये सांगितलं, "बाबा म्हणतात, छान लिहिलंय, ते विचार करतील." आणि कागद घेऊन मीटिंगला पळाले.

यात प्रेम किती आणि कंटाळा किती, हे मी नंतर पुष्कळदा तपासलं. म्हाताऱ्या माणसाला जिंकू द्यावं, त्यात आपलं काय जातं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पत्त्यांत आजोबांना जिंकू द्यायचो, कॅरममध्ये काकांना. पण त्या दिवशी मला मुख्य म्हणजे मीटिंगला जायचं होतं. उगीच खोटं कशाला बोलू?

दुपारी बाबा शांत होते. "असं म्हणाले?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"एवढ्या लवकर?"

मला वाटलं होतं, स्वारी खूश होईल. त्यांनी आपली टिपणं गोळा केली, कडा जुळवल्या, टाचणी लावली आणि बॅगेच्या तळाशी ठेवून दिली. गुरुवारी दहा वाजले तरी लुंगीवरच. "जायचं नाही?" मी विचारलं.

"आता कशाला? त्यांनी मान्य केलं. आता जाऊन बसणं म्हणजे हरलेल्या माणसाच्या तोंडावर नाचणं. बरं दिसत नाही ते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांचा सभ्यपणा मी हिशेबात धरला नव्हता. पलीकडे विमनी शेडमध्ये दोन कप मांडले होते, मला वरच्या खिडकीतून दिसत होते. अकराला त्यांनी एक उचलून आत नेला. संध्याकाळी कुंपणाशी विचारलं, "श्रीकांत आजारी आहेत का? मी काही कडक लिहिलं का?" मी म्हणाले, सर्दी झालीय. पुढच्या आठवड्यातही सर्दीच. तेव्हा सांगून टाकायला काय झालं होतं? एका वाक्याचं काम होतं. पण दोघांसमोर उभं राहून, दोन भाषांत, मी तुम्हाला फसवलं म्हणायचं, या विचारानेच मी कुंपणापासून मागे फिरायचे. उद्या सांगू, असं करत चार आठवडे गेले. बाबा परत खिडकीत बसले. "घर छान आहे हं तुझं," परत सुरू झालं.

नोव्हेंबरात नव्वद दिवस भरले. विमानतळावर बाबा म्हणाले, "विमरावांना सांग, माझ्या मनात काही नाही." मी मान डोलावली आणि तेही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी तिकीट काढू का विचारलं तर म्हणाले, "नको ग. मला तिथं आता काय काम?" पुण्यात कामाला येणाऱ्या सुशीलाताई फोनवर सांगतात, काका अर्धी पोळी खातात, बाहेर पडत नाहीत, दिवसभर टीव्ही लावून बघत नाहीत. मी इथून काय करू? गोळ्यांच्या वेळा लावते, किराणा पाठवते, रोज संध्याकाळी फोन करते. "काय करताय?" "बसलोय." यापुढे आमची गाडी जात नाही.

आणि या जूनमध्ये विमना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकतात, समजतं, पण शब्द येत नाही. गावातल्याच एका वृद्धाश्रमात आहेत. त्यांच्या मुलाने घर रिकामं केलं, दारात लोखंडी कचरापेटी उभी होती दोन दिवस, शेडमधल्या फायली तिच्यातच गेल्या. मी खिडकीतून बघत होते. त्या चार कागदांपुरतं म्हणाल, तर ते मी त्याच मंगळवारी मीटिंग संपल्यावर माझ्या रद्दीत टाकले होते. बाबांच्या हाती लागू नयेत म्हणून.

तर परवा जीपा गेल्या. भेंडी तशीच टाकून मी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते रागावतील, निदान गप्प होतील, अशी तयारी ठेवली होती.

"म्हणजे," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर चढला, "विमरावांनी मान्य केलेलं नाही?"

"नाही बाबा."

"मग त्यांचं उत्तर काय होतं?"

"मी वाचलं नाही."

"त्यांना फोन दे."

मग विमचंही सांगावं लागलं. बाबांनी पलीकडे टीव्ही बंद केला. नंतर विचारलं, "ऐकू येतं ना त्यांना? मग उद्या लाव."

रविवारी सकाळी दहाला मी विमच्या खोलीत होते. आधी त्यांना कबुली दिली. त्यांनी डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या हातावर दोनदा आपटली आणि घशातून एक आवाज काढला. ते हसले की रडले, मला कळलं नाही. मी फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर बाबा, इस्त्रीच्या शर्टात, चष्म्याला दोरी लावून, मांडीवर कागद घेऊन. "नमस्कार विमराव," म्हणाले आणि आपली बाजू मांडायला लागले. जखमेच्या पदकाचा हुकूम कसा निघतो, त्यावर सही कुणाची, कागद कुठे लागतो. मी या वेळी एक शब्द गाळला नाही. जिथे डच शब्द येईना तिथे थांबून शोधला. विम डोळे बारीक करून ऐकत होते.

बाबांचं संपलं. विमनी जोरात, दोनदा, नकारार्थी मान हलवली.

"नाही म्हणतात, बाबा. मान्य नाही." या दोन वर्षांत मी खात्रीने केलेलं हे पहिलं भाषांतर.

बाबा हसले. आई गेल्यापासून इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. विमनी डावं बोट वर केलं आणि बोलायला सुरुवात केली. आवाज चढत होता, उतरत होता, मध्ये थांबून पुन्हा मुद्द्यावर येत होता. पुरता युक्तिवाद होता तो, आणि त्यात एकही शब्द नव्हता. संपल्यावर त्यांनी घाम पुसला आणि मोठ्या अपेक्षेने माझ्याकडे पाहिलं. पदकांची माहिती जगात कुठेही मिळेल. विमरावांचं म्हणणं आता कुठेही मिळणार नव्हतं.

"हं," बाबा पेन्सिल सरसावून म्हणाले, "सांग. काय कारणं दिली त्यांनी? एकेक करून सांग, मी लिहून घेतो."